विरोधी मताचा माणूस समजून कसा घ्यावा

आपल्याशी सहमत असणाऱ्या माणसाबद्दल आपुलकी वाटायला काही करावे लागत नाही. कस लागतो तो ज्याचे मत ऐकताच कपाळाला आठी पडते अशा माणसाच्या बाबतीत. अशा माणसाविषयी समानुभूती वाढवायची असेल, तर मन मोठे करण्याचा संकल्प पुरत नाही. त्यासाठी काही ठरावीक कृती कराव्या लागतात आणि त्या साधल्या की नाही हे तपासण्याची एक कसोटीही लागते. ती कसोटी प्रथमच सांगून टाकतो. समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या शब्दांत मांडल्यावर तो स्वतः "हो, मला हेच म्हणायचं आहे" असे म्हणाला, तर आपण त्याला समजून घेतले. तो तसे म्हणाला नाही, तर आपल्याला कितीही खात्री वाटत असली तरी समजून घेणे अजून बाकी आहे. निकाल देण्याचा अधिकार त्याचा असतो. पुढच्या सर्व सूचना या कसोटीपर्यंत पोहोचण्यासाठीच आहेत.

समजून घेणे म्हणजे मान्य करणे नाही, हे बहुतेकांना तोंडाने मान्य असते. तरीही प्रत्यक्ष बोलताना, समोरच्याचे एखादे म्हणणे समजल्याचे कबूल केले तर आपली बाजू लंगडी पडेल, अशी धास्ती मनात असतेच. ही धास्ती आधीच ओळखून ठेवावी, कारण संभाषण फिसकटते ते बहुधा तिच्यामुळे. समानुभूतीचे दोन भागही येथेच वेगळे करून घ्यावेत. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्यालाही दुःख होणे हा एक भाग, आणि दुसऱ्याच्या विचारांची जुळणी कशी झाली आहे हे नेमके कळणे हा दुसरा. पहिला भाग मनात उमटतो खरा, पण तो पक्षपाती असतो. तो आपल्या माणसांकडे आधी धावतो. एलिझाबेथ सिमास, स्कॉट क्लिफर्ड आणि जस्टिन कर्कलँड या राज्यशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये अमेरिकेतील मतदारांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात इतरांविषयी अधिक कळवळा असणाऱ्या लोकांमध्ये राजकीय दुही कमी नव्हे तर जास्त आढळली. आपल्या गटाविषयी कळवळा वाढला की त्याच मापाने दुसऱ्या गटाविषयीचा राग वाढू शकतो. म्हणून विरोधी मताच्या माणसाबाबत सुरुवात दुसऱ्या भागापासून, म्हणजे नेमक्या आकलनापासून करावी. आपुलकी मागाहून आली तर उत्तमच. पण तिची वाट पाहत बसू नये.

सुरुवात स्वतःपासून

संभाषणाला जाण्याआधी स्वतःच्या मनाचा कल कोणत्या बाजूला आहे हे पाहावे. "मी तटस्थपणे विचार करतो" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक माणूस प्रामाणिकपणे उच्चारतो आणि त्या प्रामाणिकपणातच सापळा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फाशीच्या शिक्षेचे समर्थन करणारे 24 आणि विरोध करणारे 24 विद्यार्थी घेतले होते. सर्वांना दोन संशोधने वाचायला दिली. एकात फाशीमुळे गुन्हे घटतात असा निष्कर्ष होता आणि दुसऱ्यात घटत नाहीत असा. दोन्ही बाजूंपुढे तोच मजकूर होता. तो वाचून दोन्ही गट जवळ यायला हवे होते. प्रत्यक्षात दोघांचीही मते आधीपेक्षा घट्ट झाली. आपल्या बाजूचे संशोधन प्रत्येकाला पक्के वाटले आणि विरुद्ध बाजूच्या संशोधनातील दोष मात्र बारीकसारीक तपशिलांसह दिसले.

या प्रयोगाचा उत्तरार्ध तितकाच उपयोगी आहे, पण तो कमी सांगितला जातो. लॉर्ड आणि लेपर यांनी एलिझाबेथ प्रेस्टन यांच्यासह 1984 मध्ये पुन्हा तसाच प्रयोग केला. त्यात काही जणांना "निःपक्षपातीपणे वाचा" असे बजावले. त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्यांना सांगितले, की प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, "याच पद्धतीने केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष उलटा आला असता, तर मी या पद्धतीला एवढेच चांगले किंवा वाईट म्हटले असते का?" या प्रश्नाने मात्र पक्षपात खरोखर घटला. तेव्हा निःपक्षपाती राहण्याची शपथ घेण्यापेक्षा हा एक प्रश्न कागदावर लिहून जवळ ठेवावा आणि आपल्या बाजूची बातमी, आकडा किंवा उदाहरण वाचताना तो वापरावा. विरोधी बाजूचे वाचताना तो आपोआप सुचतो. आपल्या बाजूचे वाचताना मात्र सुचत नाही.

दुसरी तयारी लेखी करावी. आपण ज्या धोरणाचे समर्थन करतो, ते प्रत्यक्षात कसे चालते याचे टप्पे क्रमाने लिहून काढावेत: निर्णय कोण घेईल, मग काय घडेल, त्यातून पुढे काय होईल, आणि अपेक्षित परिणाम शेवटी कसा साधेल. समर्थनाची कारणे लिहू नयेत, यंत्रणा लिहावी. फिलिप फर्नबाख, स्टीव्हन स्लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2013 मधील प्रयोगांत ज्यांनी अशी यंत्रणा समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, त्यांना आपली समज वाटते तेवढी खोल नाही हे जाणवले आणि त्यांची मतेही थोडी सौम्य झाली. ज्यांना फक्त आपल्या मताची कारणे द्यायला सांगितली, त्यांची मते सौम्य झाली नाहीत. हे करून पाहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर लेखणी अडखळते, असा बहुतेकांना अनुभव येईल. ती अडखळ जपून ठेवावी. प्रश्न विचारताना ती उपयोगी पडते, कारण ज्याला स्वतःला काही ठाऊक नाही याची जाणीव आहे, त्याचे प्रश्न उलटतपासणीसारखे वाटत नाहीत.

कोणाशी आणि कुठे बोलावे

विरोधी मताचा सर्वांत कर्कश माणूस निवडू नये. हे सांगायला सोपे आहे, पण आपली कल्पनाच अशा माणसांनी भरलेली असते. 'मोर इन कॉमन' या संस्थेने 2019 मध्ये अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्षांच्या समर्थकांची पाहणी केली, तेव्हा विरोधी पक्षात टोकाची मते बाळगणारे जेवढे लोक प्रत्यक्षात होते, त्याच्या जवळपास दुप्पट लोक तशी मते बाळगतात असा समज दोन्हीकडे आढळला. आपल्या डोक्यातला विरोधक आणि आपल्या ओळखीतला विरोधक ही बऱ्याचदा दोन वेगळी माणसे असतात. तेव्हा ज्याच्याशी आपले मतभेदाखेरीज आणखी काही नाते आहे असा माणूस शोधावा: सहकारी, शेजारी, नातेवाईक, एकाच संघात खेळणारा.

समाजमाध्यमांवर विरोधी बाजूची खाती अनुसरायला सुरुवात केली म्हणजे समज वाढेल, हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो निरुपयोगीच नव्हे तर काहीसा धोक्याचा आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध राजकीय बाजूचे संदेश दाखवण्यात आले. रिपब्लिकन समर्थक त्यानंतर अधिक उजवे झाले. डेमोक्रॅट किंचित अधिक डावीकडे झुकल्यासारखे दिसले, पण तो फरक नगण्य होता. कोणतीही बाजू मध्याकडे सरकली नाही. ज्या संदेशांमागे माणूस दिसत नाही, ते संदेश नुसते वाचत राहिल्याने माणूस कळत नाही.

आवाजाचा वाटा येथे मोठा असतो. ज्युलियाना श्रोडर, मायकेल कार्डास आणि निकोलस एप्ली यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की न पटणारे मत आपण वाचले तर ते मांडणारा माणूस आपल्याला कमी विचारी, कमी समंजस वाटतो. तेच मत त्याच्या आवाजात ऐकले तर हा परिणाम बराच कमी होतो. थांबणे, अडखळणे, स्वर खाली येणे यांतून समोर कोणीतरी विचार करत आहे हे जाणवते. म्हणून मतभेदाचे बोलणे लेखी संदेशांतून करू नये. समोरासमोर करावे, आणि ते शक्य नसेल तर फोनवर. तिसरा माणूस शक्यतो नसावा, कारण ऐकणारे जमले की दोघेही त्यांच्यासाठी बोलू लागतात. निदान तासभर तरी हाताशी असावा. हेतू आधी उघड सांगावा: "या विषयावर आपलं पटत नाही, हे मला माहीत आहे. वाद घालायला नाही आलो, तुमचं म्हणणं नीट समजून घ्यायचं आहे." हे वाक्य खरे असेल तरच म्हणावे, खोटे असेल तर दुसऱ्याच मिनिटाला उघडे पडते.

कल्पना करू नये, विचारावे

"दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा" हा समानुभूतीविषयीचा सर्वांत प्रसिद्ध सल्ला आहे आणि त्याच्यावर सर्वांत जास्त विसंबून राहिले जाते. त्यातली अडचण अशी, की दुसऱ्याच्या जागी आपण स्वतःलाच ठेवतो; आपले भय, आपली स्मृती, आपले शिक्षण, आपली माणसे बरोबर घेऊनच तिथे जातो. मग आपल्याला जे दिसते ते त्याच्या खिडकीतून दिसलेले आपलेच जग असते. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये 25 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. दुसऱ्याच्या दृष्टिकोनाची कल्पना करायला सांगितल्याने त्याचे मन ओळखण्याची अचूकता वाढली नाही. प्रत्यक्ष त्याच्याशी बोलून त्याचा दृष्टिकोन जाणून घेतला, तेव्हा ती वाढली. कल्पना करणाऱ्यांना आपण समोरच्याला जाणतो असे वाटू शकते. हे वाटणे आणि जाणणे यांतले अंतर विचारल्याशिवाय भरून निघत नाही.

विचारावे, हे ठरले. पण काय विचारावे? "तुम्हाला असं का वाटतं?" हा प्रश्न पहिला म्हणून वाईट आहे. त्याने माणूस समर्थनाच्या भूमिकेत जातो आणि आपल्याला ठाऊक असलेलेच मुद्दे पुन्हा ऐकवतो. त्याऐवजी मत कसे घडले याकडे प्रश्न वळवावा. हे मत आधीपासून होते की नंतर झाले, कोणत्या प्रसंगाने ते घट्ट झाले, या विषयात त्याला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, त्याच्याच बाजूच्या लोकांचे कोणते म्हणणे त्याला पटत नाही, असे प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरातून हा माणूस त्याच्या बाजूच्या घोषणांपेक्षा वेगळा कुठे आहे हे कळते, आणि आपण त्याला घोषणेच्या रूपात पाहत नाही हे त्यालाही कळते.

प्राथमिक वर्गांत मुलांना अनुत्तीर्ण करावे की नाही, या वादाचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शाळेतील ज्येष्ठ शिक्षकांचे मत आहे, की ज्याला येत नाही त्याला त्याच वर्गात थांबवले पाहिजे. धाकट्या शिक्षिकेला हे क्रूर वाटते. आजवर त्यांचे बोलणे "मुलांवर ताण येतो" आणि "शिस्त राहत नाही" या दोन वाक्यांपलीकडे गेलेले नाही. आता ती वेगळ्या प्रकारे विचारते.

"सर, तुमचं हे मत पहिल्यापासून होतं, की पुढे कधी झालं?"

"पहिल्यापासून नव्हतं. मीही सगळ्यांना वरच्या वर्गात पाठवत होतो. मग माझ्याकडे सातवीचा वर्ग आला. त्यात काही मुलांना फळ्यावरचं वाक्य वाचता येत नव्हतं. ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. सात वर्षं कुणीही त्यांच्यापाशी थांबलं नव्हतं, मॅडम."

"म्हणजे तुम्हाला राग त्या मुलांचा नाही येत."

"मुलांचा कशाला येईल? आपला येतो. नापास करायचं नाही म्हटल्यावर बघायचंही नाही, असं झालंय."

आता शिक्षिकेसमोरचा माणूस बदलला आहे, आणि तिचे मत मात्र तसूभरही बदललेले नाही. तिला वाटत होते की सरांना मुलांना शिक्षा करायची आहे. खरे तर मुलांकडे दुर्लक्ष होऊ नये यासाठी त्यांच्या मते हाच एक उपाय उरला आहे. "हेच तर माझंही म्हणणं आहे, पण तुमचा उपाय चुकीचा आहे" असे म्हणण्याची ऊर्मी तिला येथे अनावर होईल. ती आवरावी. अजून तिची पाळी आलेली नाही.

ऐकताना तीन-चार सवयींकडे लक्ष ठेवावे. समोरचा बोलत असताना मनात उत्तर जुळवायला सुरुवात झाली, की ऐकणे थांबलेले असते. प्रश्नाच्या वेषात आलेला युक्तिवाद ("मग त्या मुलाच्या मनावर काय परिणाम होईल असं तुम्हाला वाटत नाही का?") समोरच्याला लगेच ओळखू येतो. त्याच्या अनुभवावर "पण असं सगळीकडे नसतं" अशी टिप्पणी करणेही टाळावे; त्याने ते सगळीकडचे म्हणून सांगितलेले नसते, आपल्या मताचे मूळ म्हणून सांगितलेले असते. आणि तो थांबला तर लगेच जागा भरू नये. थांबल्यानंतर जे वाक्य येते, ते पुष्कळदा आधी तयार नसलेले आणि म्हणून अधिक खरे असते.

अनुभवांची अशी देवाणघेवाण किती दूरवर पोहोचते याचा एक पुरावा सर्वांना ठाऊक असावा असा आहे. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी 2016 मध्ये मायामी येथील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. कार्यकर्ते घरोघरी जाऊन पारलिंगी व्यक्तींविषयी सुमारे दहा मिनिटे बोलले. त्यांनी उपदेश केला नाही, तर आपण वेगळे ठरल्यामुळे आपल्याला कोणी कमी लेखले असा स्वतःचा प्रसंग आठवायला लोकांना सांगितले. पूर्वग्रहातील घट तीन महिन्यांनंतरही टिकून होती. त्याच दोघांनी 2020 मध्ये पुढे दाखवले, की या पद्धतीतला कळीचा भाग म्हणजे निवाडा न करता परस्परांचे अनुभव ऐकणे आणि सांगणे; तो वगळून नुसते मुद्दे मांडले तर परिणाम दिसत नाही.

त्याचे म्हणणे त्याच्यापुढे मांडावे

संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी टप्पा हा आहे. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मधील एका व्याख्यानात एक साधा नियम सुचवला होता: वाद चालू असताना प्रत्येकाने आपले म्हणणे मांडण्याआधी, आधी बोललेल्या माणसाचे विचार आणि भावना अचूकपणे, त्या माणसाचे समाधान होईल अशा रीतीने, पुन्हा मांडून दाखवाव्यात. ऐकायला सोपा वाटणारा हा नियम करून पाहणे फार अवघड आहे, असे रॉजर्स यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांच्या मते त्यात धैर्य लागते, कारण दुसऱ्याचे जग खरोखर त्याच्यासारखे पाहिले तर आपण स्वतः बदलण्याचा धोका पत्करतो.

भारतीय शास्त्रार्थाच्या परंपरेला ही कल्पना नवी नाही. तेथे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून मांडायचे आणि मगच उत्तरपक्ष करायचा, अशी रीत होती, आणि दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणाऱ्याला पांडित्याचे श्रेय मिळत नसे. तर्क आणि प्रमाण यांचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाने तर चर्चेचेच तीन प्रकार केले: सत्य शोधण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी होणारी वितंडा. आपले संभाषण यांपैकी कोणत्या प्रकारात चालले आहे, हे मधूनमधून स्वतःला विचारण्यासारखे आहे. वादात सुरू झालेली चर्चा जल्पात घसरायला एक खोचक वाक्य पुरते.

मांडणी करताना समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत देऊ नयेत. पोपटपंचीने समज सिद्ध होत नाही. त्याच्या मताची तीन अंगे आपल्या मांडणीत यावीत: त्याने काय पाहिले, त्याला त्यातून कशाची भीती किंवा आशा वाटते, आणि म्हणून तो कोणत्या उपायाकडे येतो. वरच्या उदाहरणात शिक्षिका म्हणू शकेल, "सर, मी समजले ते असं. सातवीपर्यंत पोचलेली, पण वाचता न येणारी मुलं तुम्ही पाहिली. त्यांच्यापाशी थांबायला कुणी बांधील नव्हतं, म्हणून कुणी थांबलं नाही. निकालात अनुत्तीर्ण हा शब्द आला तर निदान कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल, असं तुम्हाला वाटतं. बरोबर आहे का? काही राहिलं का?" शेवटचे दोन प्रश्न वगळू नयेत. "बरोबर आहे का?" ने चूक दुरुस्त होते; "काही राहिलं का?" ने आपल्याला न सुचलेले बाहेर येते, आणि बहुधा मुद्द्याची गोष्ट तिथेच असते. सर म्हणतील, "बरोबर. पण एक राहिलं. पालकांनाही कळत नाही. त्यांना वाटतं पोरगं शिकतंय." हे ऐकल्यावर मांडणी पुन्हा करावी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला "हो, अगदी हेच" असे येते.

मांडणी कुठे बिघडते तेही पाहावे. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे की मुलांना मारून-मुटकून शिकवावं" असे, म्हणण्याचे टोक गाठणारे वाक्य तर उघडच वाईट. पण "तुमच्या पिढीला असं वाटणं स्वाभाविक आहे" हे त्याहून वाईट, कारण ते सौजन्याच्या आवरणात माणसाचे मत त्याच्या वयाच्या, जातीच्या, वर्गाच्या किंवा शिक्षणाच्या खात्यावर जमा करून टाकते. मग त्याच्या मताला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. माणसाच्या मतामागची परिस्थिती समजून घ्यावी. त्या परिस्थितीत त्याचे मत बुडवू नये.

आपली पाळी

समोरच्याने "हेच" म्हटल्यावर आणि शक्यतो त्याने विचारल्यावर आपले म्हणणे सांगावे. पुष्कळदा तो आपण होऊन विचारतो; नाही विचारले तर "माझं सांगू का?" असे विचारून परवानगी घ्यावी. येथेही मुद्द्यांआधी प्रसंग यावा. शिक्षिका सांगेल, की तिचा दादा चौथीत नापास झाला, धाकटी बहीण त्याच्याच वर्गात आली, आणि त्यानंतर तो शाळेत गेला नाही. हे ऐकल्यावर सरांपुढचीही शिक्षिका बदलते.

वाक्यरचनेविषयी थोडे. ज्युलिया मिन्सन, मायकेल योमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतभेदाच्या संभाषणातील भाषेचा अभ्यास केला आहे. समोरच्याचे म्हणणे उल्लेखून पुढे जाणे, जिथे एकमत आहे ते आधी सांगणे, ठाम निकालाऐवजी "माझ्या पाहण्यात", "बहुतेक वेळा" अशी सावध भाषा वापरणे आणि नकारार्थी वाक्यांऐवजी होकारार्थी वाक्ये योजणे, या चार गोष्टींनी बोलणारा समोरच्याला अधिक मोकळ्या मनाचा वाटतो आणि समोरचाही तसाच वागू लागतो. ही चलाखी वाटेल. पण आतून ऐकलेले असेल तर ती चलाखी राहत नाही. "तुमचं बरोबर आहे, पण" हे मात्र टाळावे. त्या "पण"ने आधीचे सगळे पुसले जाते हे आता सर्वांना पाठ झाले आहे.

बोलता बोलता राग चढला तर तो दाबून बोलणे पुढे रेटू नये. दांपत्यांतील भांडणांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले जॉन गॉटमन सांगतात, की हृदयाची गती एका मर्यादेपलीकडे गेली की माणसाला नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर निवळायला निदान 20 मिनिटे लागतात. "मला थोडा वेळ हवा आहे, अर्ध्या तासाने पुन्हा बसू" असे सांगून उठावे. परत येण्याची वेळ सांगणे आवश्यक, नाहीतर उठणे हे निघून जाणे ठरते.

कुठे थांबावे

समजून घेण्याचे हे काम प्रत्येकाने प्रत्येकाशी करावे, असे मी म्हणणार नाही. जो आपले माणूसपणच नाकारतो, ज्याच्यापासून इजेची भीती आहे, किंवा ज्याच्या हाती आपली नोकरी, घर वा सुरक्षितता आहे, त्याच्याशी मन उघडे करून बसण्याचे कर्तव्य कोणावरही नाही. आणि "तुम्ही त्यांना समजून घ्या" हा सल्ला नेहमी दुर्बळ बाजूलाच दिला जात असेल, तर सल्ला देणाऱ्याकडे संशयाने पाहावे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये गटागटांतील संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यास अनुकूल अशा चार अटी सांगितल्या होत्या: त्या प्रसंगापुरता समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य, आणि अधिकारी व्यक्तींचा किंवा नियमांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो आणि या अटी असल्या तर अधिक घटतो, असे दिसले. म्हणून बैठक कोण बोलावतो, कोणाच्या खोलीत होते, बोलायला वेळ कोणाला किती मिळतो, या गोष्टी किरकोळ समजू नयेत. वरच्या उदाहरणातील शिक्षिकेने मुख्याध्यापकांच्या दालनात हे संभाषण केले असते, तर सातवीच्या मुलांची गोष्ट कदाचित बाहेरच आली नसती.

वस्तुस्थिती चुकीची असेल तर काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. चूक सांगावी; पण अनुभव ऐकून झाल्यावर, आणि अनुभवापासून वेगळी काढून. "तुम्ही जे पाहिलंत ते मी खरं मानतो, त्यावरून जो आकडा तुम्ही सांगता, तो मात्र मी वेगळा वाचला आहे, आपण दोघे मिळून पाहू" या वाक्यात माणूस आणि दावा वेगळे राहतात. पाहायचे ते मात्र खरोखर मिळूनच पाहावे.

मतभेदाचा कागद

एका भेटीनंतरही बोलणे पुढे न्यायची दोघांची इच्छा असेल, तर त्यासाठी उत्तम नमुना वैज्ञानिकांकडून घेता येतो. अंतःप्रेरणेवर कितपत विसंबावे याविषयी डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांची मते परस्परविरुद्ध होती. कानमन तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेतील चुका दाखवत आणि क्लाइन अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांसारख्या अनुभवी माणसांचे अचूक निर्णय दाखवत. एकमेकांवर टीकालेख लिहिण्याऐवजी त्यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले आणि 2009 मध्ये एकच लेख दोघांच्या नावाने प्रसिद्ध केला. ज्या क्षेत्रात परिस्थितीला नियमितपणा असतो आणि निर्णयाचा परिणाम लवकर व स्पष्ट कळतो, तेथे अंतःप्रेरणा भरवशाची ठरू शकते, इतरत्र नाही, अशी सीमा दोघांना मिळून आखता आली. दोघांचे स्वभाव आणि आवडीनिवडी वेगळ्याच राहिल्या, हेही त्यांनी लपवले नाही.

सामान्य माणसाने हेच एका कागदावर करावे. दोघांनी मिळून त्याचे तीन भाग पाडावेत. पहिल्या भागात जे दोघांना मान्य आहे ते लिहावे. शाळेच्या उदाहरणात, वाचता न येणाऱ्या मुलापाशी कोणीतरी थांबलेच पाहिजे आणि पालकांना खरे कळले पाहिजे, ही दोन वाक्ये तेथे येतील. दुसऱ्या भागात तपासून ठरवता येईल असा मतभेद लिहावा: अनुत्तीर्ण झालेली मुले शाळा सोडतात का, आणि स्वतंत्र वाचनवर्ग घेतले तर ती वर्षभरात वाचू लागतात का, हे शाळेच्या नोंदींतून आणि एका वर्गावर करून पाहता येते. तिसऱ्या भागात तपासणीने न सुटणारा मतभेद येतो: काही मुलांची अप्रतिष्ठा होण्याचा धोका पत्करून सर्वांकडे लक्ष जाईल अशी सक्ती करावी की नाही, याबद्दल सर आणि शिक्षिका कदाचित कधीच एकमत होणार नाहीत, आणि तसे स्पष्ट लिहावे. प्रत्येक भागातील वाक्य दोघांनाही मान्य होईल अशा शब्दांत असावे. एकाच्या शब्दांत लिहिलेले वाक्य दुसऱ्याने खोडून पुन्हा लिहायचे, असे चालू द्यावे. दुसऱ्या भागातील प्रत्येक मुद्द्यापुढे तो कोण तपासणार आणि कधीपर्यंत, याची नोंद करून कागदाची एकेक प्रत दोघांनी आपल्याजवळ ठेवावी.